माहुलचे कोरे रकाने

हवेच्या राष्ट्रीय मानकांत, २००९ साली निघालेल्या अधिसूचनेत, तळटीपेसारखी एक ओळ आहे. वार्षिक सरासरी काढायची असेल तर एका ठिकाणी वर्षातून निदान १०४ मोजमापं हवीत, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी चोवीस तासांची, सारख्या अंतराने. हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांचं वेळापत्रक याच ओळीवर चालतं. सगळं सुरळीत पार पडलं, पंप बंद पडला नाही, वीज गेली नाही, फिल्टरचा कागद फाटला नाही, तरी वर्षाचे २६१ दिवस कोरे राहतात. या दिवसांना कुणी गहाळ म्हणत नाही, कारण ते कोरे राहणार हे आधीच ठरलेलं असतं.

ही ओळ माहुलमध्ये उभं राहून वाचली की तिचं वजन कळतं. चेंबूरच्या पुढे खाडीला टेकलेलं हे कोळ्यांचं जुनं गाव. एका अंगाला खारफुटी आणि चिखलाचा पट्टा, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. दुसऱ्या अंगाला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने, राष्ट्रीय केमिकल्सचा खतकारखाना, टाटांचं वीजकेंद्र आणि रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या. मधे आंबापाडा, आणि प्रकल्पग्रस्तांसाठी दाटीदाटीने उभारलेल्या इमारतींची वसाहत. वास रात्री वाढतो, असं इथली माणसं सांगत आली आहेत. चोवीस तासांच्या सरासरीत रात्रीचे चार तास विरघळून जातात. नमुना मंगळवारी आणि शुक्रवारी घेतला आणि वास बुधवारी आला, तर तो तक्त्यात येतच नाही.

संशोधनाच्या तक्त्यात नोंद नसेल तिथे काय भरायचं, हा संख्याशास्त्रातला जुना आणि अजूनही न मिटलेला प्रश्न. त्याच्यावरचं शतकभराचं काम चाळताना मी सतत माहुलकडे परत येतो, कारण या प्रश्नाचे जवळजवळ सगळे प्रकार या एका गावाभोवती सापडतात.

सुरुवात शेतातून झाली. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात खतांचे प्रयोग छोट्या छोट्या वाफ्यांवर होत. एखादा वाफा गुरांनी खाल्ला, एखाद्यात पाणी साचलं, की सगळ्या प्रयोगाचा समतोल बिघडे. १९३० मध्ये अ‍ॅलन आणि विशार्ट यांनी आणि १९३३ मध्ये फ्रँक येट्स यांनी अशा गहाळ वाफ्याचं उत्पन्न अंदाजाने काढायची रीत दिली. येट्सच्या कामातला प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो. भरलेला आकडा हिशेब सोपा व्हावा म्हणून आहे, त्याने ज्ञानात भर पडत नाही, आणि म्हणून प्रत्येक भरलेल्या वाफ्यामागे हिशेबातून एक अंश वजा करायचा, हे त्यात स्पष्ट होतं. पुढे संगणक आले, भरणं क्षणाचं काम झालं आणि हा वजा करायचा अंश अनेकांच्या हातून निसटला.

खरी फेरमांडणी १९७६ ची. डोनल्ड रुबिन यांनी 'बायोमेट्रिका'त लिहिलेल्या निबंधात प्रश्नच उलटा केला. काय भरायचं हे विचारण्याआधी, रकाना कोरा का राहिला ते विचारा. कोरेपणाचे त्यांनी तीन प्रकार पाडले. पहिला निव्वळ योगायोगाचा: नमुन्यांची पेटी रस्त्यात पडून फुटली. त्या दिवशी हवा कशी होती याच्याशी पेटी फुटण्याचा काही संबंध नाही. दुसऱ्यात कोरेपणाचं कारण आपल्याकडे नोंदलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीत सापडतं: पावसाळ्यात यंत्र जास्त वेळा बंद पडतं, पण कोणता दिवस पावसाचा होता हे आपल्याला माहीत आहे, म्हणून पावसाळी दिवसांचा अंदाज नोंद झालेल्या पावसाळी दिवसांवरून बांधता येतो. तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. तिथे रकाना कोरा राहण्याचं कारण त्या न मिळालेल्या आकड्यातच दडलेलं असतं.

तिसऱ्या प्रकाराचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मुंबईचंच आहे. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. युरोपात छायाचित्रण पद्धतीने आपोआप नोंद करणारी यंत्रं होती, आणि वादळ ऐन भरात असताना त्यांतल्या रेषा कागदाबाहेर निघून गेल्या. नोंद गहाळ झाली ती वादळ मोठं होतं म्हणूनच. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र निरीक्षक डोळ्यांनी पाहून हाताने आकडे टिपत होते. जवळपास १६०० नॅनोटेस्लांची घसरण त्या वहीत उतरली. २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात, या नोंदींवरून त्या वादळाचा आवाका नव्याने मांडला गेला. युरोपातल्या यंत्रांचे कोरे तास त्यांच्याच आधीच्या-नंतरच्या तासांच्या सरासरीने भरले असते, तर इतिहासातलं सगळ्यात मोठं नोंदलेलं वादळ एक मध्यम वादळ ठरलं असतं.

गोची अशी की आपल्या तक्त्यातला कोरेपणा दुसऱ्या प्रकारचा आहे की तिसऱ्या, हे त्या तक्त्याकडे पाहून ठरवता येत नाही. जो आकडा नाही, त्याच्याशीच पडताळा करायचा असतो. त्यासाठी तक्त्याबाहेर जावं लागतं: यंत्राची नोंदवही पाहावी लागते, तंत्रज्ञाशी बोलावं लागतं, ज्या घराचं दार उघडलं नाही त्याच्या शेजाऱ्याला विचारावं लागतं.

आता पद्धती. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे काहीच न भरता कोरा रकाना असलेली ओळच काढून टाकणं. संख्याशास्त्राची बहुतेक सॉफ्टवेअर न विचारता हेच करतात. पाहणीत वीस प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला शंभरातल्या पाचच जणांनी उत्तर दिलेलं नाही, असं धरा. हे कोरे रकाने एकमेकांशी संबंध नसलेले, विखुरलेले असतील, तर सगळी उत्तरं पूर्ण असलेली माणसं शंभरात सुमारे ३६ उरतात. चौसष्ट माणसांनी दार उघडलं, वेळ दिला, बहुतेक सगळी उत्तरं दिली, आणि तरी ती मोजली गेली नाहीत. कोरेपणा निव्वळ योगायोगाचा असेल तर यात फक्त नमुना लहान होतो. पण फार शिकलेल्यांनी उत्पन्न सांगितलं नाही, किंवा दमेकऱ्यांना फुंकर मारायची चाचणी पुरी करता आली नाही, तर उरलेले ३६ जण वेगळ्याच गावचे असतात.

दुसरी सोपी पद्धत सरासरी भरण्याची. आठवड्यातले पाच दिवस बेंझीनचे आकडे ३, ४, ४, ५ आणि १४ आले आणि दोन दिवस कोरे राहिले, अशी कल्पना करू. सरासरी ६. दोन्ही कोऱ्या दिवशी ६ लिहिले तर सरासरी तीच राहते, पण आकड्यांचा पसारा दाखवणारं प्रमाण विचलन साडेचारवरून ३.७ वर येतं. म्हणजे हवा होती त्यापेक्षा जास्त स्थिर दिसू लागते. ज्या गावात तक्रारच अचानक येणाऱ्या लोटांची आहे, तिथे नेमका चढ-उतारच पुसला जातो. ही पद्धत मी विद्यार्थी असताना निर्धास्तपणे वापरली आहे, आणि ते तक्ते पुन्हा हातात आले तर आज मी ते छापायला देणार नाही.

तिसरी पद्धत शेजाऱ्याकडून उसनं घेण्याची. आपल्याकडे स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती पावसाच्या निमित्ताने भेटते: एका पर्जन्यमापकाची नोंद नसेल तर आसपासच्या केंद्रांच्या पावसावरून, त्यांच्या नेहमीच्या प्रमाणानुसार, ती काढायची. बहुतेक दिवस ती चांगली चालते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला ७३. त्या दिवशी सांताक्रूझचं यंत्र बंद पडलं असतं आणि कोरा रकाना कुलाब्यावरून भरला असता, तर कागदावर मुंबईत एक साधा पावसाळी दिवस उरला असता. शेजारी ठरवताना नकाशावरचं अंतर पुरत नाही. माहुलच्या हवेचा शेजारी कोण? काही किलोमीटरवरचं केंद्र टाक्यांच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला असेल, तर तो शेजारी नावापुरताच.

चौथी पद्धत अमेरिकेच्या जनगणना विभागात पंचकार्डांच्या गठ्ठ्यांतून आली. ज्याचं उत्पन्न कोरं, त्याच्यासारखंच वय, शिक्षण, घर असलेल्या दुसऱ्या माणसाचं उत्पन्न उचलून तिथे ठेवायचं. यात निदान खऱ्या माणसाचा खरा आकडा येतो आणि पसाराही बराचसा टिकतो. तरी एक दोष या सगळ्या पद्धतींत सारखा राहतो. भरलेला आकडा एकदा तक्त्यात बसला की मोजलेल्या आकड्यापासून ओळखू येत नाही. अंदाजाला मोजमापाचा मान मिळतो.

त्यावरचा रुबिन यांचाच उपाय १९८७ च्या त्यांच्या पुस्तकात सविस्तर आला. एकच आकडा न भरता अनेक भरायचे. एका कोऱ्या रकान्यासाठी पाच, वीस, पन्नास शक्य किंमती काढायच्या, तितके पूर्ण तक्ते तयार करायचे, प्रत्येकावर तोच हिशेब करायचा आणि शेवटी उत्तरं एकत्र करायची. तक्त्यातक्त्यांत उत्तरं जितकी फाकतात, तितकं आपलं अज्ञान. ती फाक अंतिम चुकीच्या मर्यादेत मिळवायची. येट्सचा वजा करायचा अंश इथे नव्या रूपात परत आलेला दिसतो. नेदरलँड्सच्या स्टेफ व्हॅन ब्यूरेन यांनी याची एक सुटसुटीत आवृत्ती सॉफ्टवेअरमध्ये आणली: प्रत्येक रकाना बाकीच्या रकान्यांवरून आळीपाळीने भरत जायचा. आज आरोग्य संशोधनात तीच सर्वाधिक रुळलेली आहे.

माझ्या मते सध्या उपलब्ध असलेली ही सर्वांत प्रामाणिक रीत आहे. पण ती दुसऱ्या प्रकारच्या कोरेपणासाठी आहे. तिसऱ्या प्रकारासमोर वीस तक्ते वीसच्या वीस एकाच दिशेने चुकतात, आणि फाक लहान असल्यामुळे चूक अधिक आत्मविश्वासाने मांडली जाते. तिथे उरतो तो एकच मार्ग: गृहीत उघडपणे बदलून पाहणं. कोऱ्या रात्री नोंदलेल्या रात्रींपेक्षा दीडपट वाईट असत्या तर निष्कर्ष टिकला असता का? दुप्पट असत्या तर? कितव्या पायरीला तो कोसळतो, ते वाचकाला सांगायचं.

हवेच्या तक्त्यांत आणखी एक जागा आहे, वरवर भरलेली पण खरं तर अर्धवट. यंत्राला ओळखता येईल त्याहून कमी प्रदूषक असेल तर तिथे 'मोजमर्यादेखाली' असा शेरा येतो. सल्फर डायऑक्साइडसाठी ही मर्यादा घनमीटरला ४ मायक्रोग्रॅमची धरतात आणि सरासरी काढताना तिथे निम्मा आकडा, म्हणजे २, घालण्याची प्रथा आहे. असे शेरे दहात एक असतील तर बिघडत नाही. दहात सहा असतील, तर आपण बव्हंशी आपल्याच २ ची सरासरी काढत असतो. याच्यासाठी अधिक चांगल्या रीती कधीच्या उपलब्ध आहेत, आणि तरी निम्मा घालणं सुटत नाही.

राष्ट्रीय हवा-गुणवत्ता निर्देशांकाची शिस्त मला याउलट चांगली वाटते. निदान तीन प्रदूषकांची नोंद हवी, त्यांत सूक्ष्म धूलिकणांची एक तरी हवीच, आणि त्या त्या प्रदूषकाची किमान सोळा तासांची माहिती हवी. नाही तर माहिती अपुरी, असं सरळ म्हणायचं. पण उरलेले आठ तास नेमके कोणते होते, हे नियम विचारत नाही.

आणि रकानाच नसेल तर? २००९ च्या मानकांत बारा प्रदूषक आहेत. बेंझीन त्यात आहे, वर्षाला सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेसह. टोल्युइन नाही. साठवणुकीच्या टाक्यांशेजारी राहणाऱ्यांसाठी ती मोठी उणीव आहे, आणि कोणतंही सॉफ्टवेअर ती गहाळ म्हणून दाखवणार नाही, कारण जो स्तंभ आखलाच नाही त्याला कोरा कसं म्हणायचं?

माहुलहून थोड्या अंतरावर, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ पासूनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून तिच्याच देखरेखीखाली होते. कोरे रकाने सभ्यपणे कसे हाताळावेत याचा धडा या पाहणीच्या फाइलींत आहे. बाईने मुलाच्या जन्माचं वर्ष सांगितलं पण महिना आठवला नाही, तर आधीच्या-नंतरच्या बाळंतपणांत बसेल असा महिना भरतात, आणि शेजारी एक खूण ठेवतात की ही तारीख पूर्ण सांगितलेली आहे की भरलेली. पुढच्या संशोधकाला ती खूण पाहून आपला निर्णय घेता येतो. इतकी साधी गोष्ट, पण आपल्याकडच्या किती सरकारी तक्त्यांत ती सापडते?

वयाच्या बाबतीत तर भरण्याची सर्वांत सुंदर पद्धत संगणकाच्या आधीची आहे. वय विचारलं की लोक चाळीस, पंचेचाळीस, साठ असे गोल आकडे सांगतात. अनुभवी प्रगणक मग घटनांवरून मोजतो. बहात्तरच्या दुष्काळात चालायला लागला होतास का? गिरणी संप झाला तेव्हा लग्न झालं होतं का? धाकटी सव्वीस जुलैच्या पुराआधीची की नंतरची? इथे कोरा रकाना भरतं ते त्या माणसाचं स्वतःचं आयुष्य. कुठल्याही सूत्रापेक्षा मी या उत्तरावर जास्त विश्वास ठेवीन.

जुलै २०२० मध्ये मुंबईत करोनाच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली, टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग आणि महापालिका यांच्या सहभागाने. निवडलेल्या तीन विभागांत चेंबूरचा एम पश्चिम होता, म्हणजे माहुलचाच. नियोजित ८,८७० पैकी ६,९३६ नमुने मिळाले. झोपडपट्टीत अर्ध्याहून अधिक लोकांत प्रतिपिंडं सापडली, इतरत्र सुमारे १६ टक्क्यांत. न मिळालेल्या १,९३४ जणांचं काय? अशा ठिकाणी एकेकाच्या नावाने आकडा भरत नाहीत. मिळालेल्यांना वजन देतात, ज्या गटातून कमी माणसं आली त्यातल्या प्रत्येकाचं मत थोडं जड धरतात. एवढी मोठी दरी या गळतीने मिटण्यासारखी नव्हती, म्हणून तो निष्कर्ष भक्कम होता. सगळ्या निष्कर्षांचं नशीब असं नसतं.

माहुलमधल्या आजाराची मोजणी त्यामानाने फार कठीण. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने इथल्या श्वसनविकारांची पाहणी केली. अहवालानुसार ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती आणि ८६.६ टक्के लोक डोळ्यांच्या जळजळीची तक्रार करत होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ च्या निकालात ही पाहणी विचारात घेतली. अशी कोणतीही पाहणी त्या दिवशी घरी असलेल्यांची असते. ज्यांना सोसलं नाही आणि परवडलं ते निघून गेले, ज्यांना सोसलं नाही आणि परवडलं नाही ते कदाचित गावी मुलाकडे किंवा रुग्णालयात होते. म्हणून माझा कल असा, की अशा ठिकाणचे आकडे वाढीव असतील असा संशय घेण्याआधी ते कमी असण्याची शक्यता तपासावी.

त्यानंतर माणसंच हलली. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर २०१७ पासून कितीतरी कुटुंबांना माहुलच्या वसाहतीत पाठवलं गेलं. त्यांनी विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही असं धरून, दुसरीकडे घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडं देण्याचा आदेश दिला. बरेच जण पांगले. दर हजारी किती आजारी, हे काढायला खाली भागाकाराला लोकसंख्या लागते, आणि शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर आलेले आणि गेलेले दोघेही तिच्यात नाहीत. १९८१ ला आसामात आणि १९९१ ला जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झाली नाही, तेव्हा अलीकडच्या-पलीकडच्या मोजण्यांच्या मधला आकडा काढला गेला. राज्याला ते चालतं. काही वर्षांत भरून पुन्हा ओसरलेल्या वसाहतीला चालत नाही.

टाक्यांमधून निसटणारी वाफही बहुतेक वेळा मोजलेली नसते, हिशेबाने काढलेली असते: किती माल आला-गेला, त्याचा बाष्पदाब किती, तापमान काय, झाकणाची सील कशी आहे, टाकीला बाहेरून कोणता रंग दिला आहे. तोही भरलेलाच आकडा. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली, तेव्हा अशा अंदाजांचा आधार घ्यावा लागला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. अंदाजावर इतका मोठा दंड कसा, हा आक्षेप मला समजतो. पण अंदाज नाकारला तर त्या जागी शून्य बसतं, आणि शून्य हाही भरलेला आकडाच आहे, सगळ्यांत चुकीचा आणि नेहमी एकाच बाजूला सोयीचा.

आता उपग्रह आणि यंत्रशिक्षण यांच्याकडे आशेने पाहिलं जातं. उपग्रहाला हवेतल्या कणांचा अंदाज येतो, पण ढगांतून नाही. मुंबईवर जून ते सप्टेंबर तो जवळपास आंधळा असतो आणि ते महिने प्रारूपांनी भरतात. एक किलोमीटरच्या चौकोनात टाक्या, खाडी आणि कोळीवाडा एकत्रच बसतात. देशाचा नकाशा रंगवायला ते ठीक आहे. आंबापाड्यातल्या एका गल्लीत रात्री दोन वाजता काय होतं, हे त्यातून निघणार नाही.

औषधांच्या चाचण्यांतल्या गहाळ नोंदींवर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष रॉडरिक लिटल, या विषयातलं रुबिन यांच्यासोबतचं नामवंत पुस्तक लिहिणारे. आयुष्यभर भरण्याच्या पद्धती घडवणाऱ्या माणसाच्या समितीने भर दिला तो नोंदी गहाळ होऊच न देण्यावर. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुलाबा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी हेच करून दाखवलं होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याची चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून नवी वेधशाळा अलिबागला उभारली गेली. मूस यांनी १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, आणि मग कुलाब्याची चुंबकीय मोजणी बंद केली. मालिकेत फट पडली नाही.

माहुलसाठी दोन वर्षांची मोजणी मागायची तर माझी मागणी छोटी आहे. तासातासाची नोंद, टोल्युइनचा स्तंभ, आणि प्रत्येक कोऱ्या रकान्यापुढे एक शेरा. पाहणी करणारी मुलं हा शेरा आजही लिहितात, फॉर्मच्या समासात, पेन्सिलने. नोंदी संगणकात चढवताना समास कुणी चढवत नाही. तिथे 'वीज नव्हती' असतं, 'बाई कामावर, संध्याकाळी या' असतं, 'धाप लागली म्हणून मुलाखत थांबवली' असतं. आणि कुलूप असलेल्या दारांपुढे: 'सोडून गेले. कुठे, शेजारी सांगू शकले नाहीत.'